पडद्यावरचे आणि पडद्याआडचे

'बिग बॉस' नावाचा कार्यक्रम आम्ही पाहतो. हे वाक्य वाचून आमच्या काही धर्मगुरू-बांधवांच्या भुवया उंचावतील याची आम्हांस कल्पना आहे. तथापि त्या कार्यक्रमाचा हंगाम चालू असला, की धर्मग्रामात रात्री कोणाच्याही घरी जावे तर यजमानाचे अर्धे लक्ष आमच्याकडे आणि अर्धे पडद्याकडे असते. त्या भल्या माणसाची ओढाताण पाहण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून आपणही पाहावे, हे आम्हांस अधिक सोयीचे वाटू लागले. एकदा पाहू लागल्यावर मते बनतात, आणि मते बनली की ती कोणाला तरी सांगावीशी वाटतात. वाचकांनी ती आमची खासगी मते समजावीत.

या खेळाचे मूळ नेदरलँडमधले. तेथे १९९९ साली 'बिग ब्रदर' सुरू झाला. ते नाव जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ सालच्या कादंबरीतले. अष्टौप्रहर नजर ठेवणाऱ्या सत्तेची वाचकाला धास्ती वाटावी म्हणून लेखकाने जे नाव योजिले, तेच पन्नास वर्षांनी करमणुकीची पाटी होऊन बसले. हिंदीत हा खेळ २००६ साली आला, मराठीत २०१८ साली. मराठीत त्याच्या आठवडाअखेरच्या भागाला एके काळी 'चावडी' म्हणत. ज्याने गावची खरी चावडी पाहिली आहे, तलाठ्यासमोर ताटकळत उभे राहून सातबाऱ्याचा उतारा घेतला आहे, त्याला त्या झगमगाटी चावडीचे हसू आल्याखेरीज राहत नाही. असो.

आम्हांस त्या घरातील भांडणांचे फारसे काही वाटत नाही. चपातीवरून, अंथरुणावरून आणि न्हाणीघराच्या पाळीवरून माणसे भांडतात हे सांगण्यासाठी शंभर कॅमेरे लावण्याची गरज नव्हती. सेमिनरीत राहिलेल्या कोणालाही विचारले असते तरी चालले असते. आम्हांस खटकते ती त्या घरातील एक लहानशी खोली. तिला तेथे 'कन्फेशन रूम' म्हणतात. स्पर्धक आत जातो, गुबगुबीत खुर्चीत बसतो, आणि न दिसणाऱ्या आवाजापुढे मन मोकळे करतो. तो रडतो, कोणाचा राग आला ते सांगतो, कधी आपल्या बालपणीची दुःखे सांगतो. आवाज गंभीरपणे ऐकून घेतो आणि त्याला बाहेर जाण्यास सांगतो. ते सगळे त्या रात्री घरोघर दिसते.

आता 'कन्फेशन' या शब्दावर आमचा मक्ता आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या गोष्टीला आमच्याकडची जुनी मंडळी 'कुमसार' म्हणतात, तिचा सारा प्राण ती दुसऱ्या कोणाच्या कानी न पडण्यात आहे. १९८३ च्या कॅनन लॉचा ९८३ वा नियम सांगतो, की शब्दाने वा अन्य कोणत्याही प्रकारे, कोणत्याही कारणास्तव, धर्मगुरूने पापनिवेदन करणाऱ्याचा विश्वासघात करता कामा नये. ते यंत्राने ध्वनिमुद्रित करून दुष्टबुद्धीने प्रसृत करणे हा तर त्याच कायद्यात शिक्षापात्र अपराध आहे. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमियो यांनी निवेदन करणारा व ऐकणारा यांच्यामध्ये जाळी असावी असा आग्रह धरला. त्या जाळीच्या एका बाजूस आम्ही गेली अनेक वर्षे बसतो आहोत. तेथे ऐकलेले अर्थातच येथे येणार नाही. एवढे मात्र सांगता येईल, की माणूस खरे बोलू लागला की त्याचा आवाज लहान होतो. त्या गुबगुबीत खुर्चीत बसलेल्यांचा आवाज लहान झालेला आम्ही फारसा ऐकला नाही. हा त्यांचा दोष नव्हे. आपले दुःख हेच आपले मत मिळविण्याचे साधन आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो ते मोठ्यानेच सांगणार.

येथून आमचे मन राजकारणाकडे वळले.

२०२४ साली मराठी 'बिग बॉस'च्या पाचव्या पर्वात सूरज चव्हाण हा तरुण जिंकला. बारामती तालुक्यातला, आईवडिलांचे छत्र लवकर हरपलेला, मोबाईलवरील लहान लहान चित्रफितींमुळे लोकांना ठाऊक झालेला. इतरांच्या मानाने तो कमी बोले, हे आम्हांस आवडले होते. त्याच्या विजयाने आमच्या धर्मग्रामातील पोरे जणू स्वतःच जिंकल्यागत नाचली, आणि त्यात गैर काही नव्हते. विजयानंतर तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्याला घर बांधून देण्याचे जाहीर केले. एका गरीब मुलाला घर मिळाले. त्याचा हेवा करील तो करंटा.

परंतु खेडोपाडी घराची वाट पाहणारे दुसरेही आहेत. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री आवास योजना आहे. त्या योजनेत सपाट प्रदेशातील कुटुंबाला १ लाख २० हजार रुपये ठरलेले होते, तेही हप्त्याहप्त्याने. नावे यादीत असतात, यादी ग्रामसभेपुढे ठेवली जाते, क्रमाने पाळी येते. गंमत अशी, की कॅमेरा तेथेही सुटत नाही. पाया झाला, काढा छायाचित्र. भिंती उभ्या राहिल्या, काढा छायाचित्र. मग पुढचा हप्ता. मात्र ही छायाचित्रे कोणी पाहत नाही, त्यांना मते पडत नाहीत, आणि त्यांच्यामुळे पाळी एका क्रमांकानेही पुढे सरकत नाही. तशी ती सरकू नये, हेच योग्य. यादी ही रुक्ष वस्तू आहे; तिला कोणाचे अश्रू दिसत नाहीत. परंतु ज्याला आपले अश्रू दाखवायचे नाहीत, किंवा ज्याला ते आकर्षक रीतीने दाखविता येत नाहीत, त्याला त्या रुक्ष यादीखेरीज दुसरा आधार तरी कोणता?

त्याच वर्षी आपल्या राज्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना दरमहा १५०० रुपये, थेट त्यांच्या बँक खात्यात. या पैशांना आमचा विरोध नाही. ज्या बाईने आयुष्यभर भाजीच्या पैशांतून दोन-पाच रुपये बाजूला काढून डाळीच्या डब्यात लपविले, तिच्या स्वतःच्या नावावर महिन्याला काही येऊ लागले, तर त्याला 'रेवडी' म्हणण्याचा अधिकार पोट भरलेल्यांस नाही. आमचा आक्षेप 'लाडकी' या शब्दाला आहे. लाड हे घरात करावेत. राज्याने लाड करू नयेत, कारण लाड करणाऱ्याला ते थांबविताही येतात. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीआधी अर्जांचे स्वागत सढळ हाताने झाले, मेळाव्यांच्या मांडवात बहिणींना ओवाळून कॅमेऱ्यासमोर आभार मानावे लागले. निवडणूक पार पडल्यावर पडताळणी आली, आणि २०२५ साली ई-केवायसी. आधी ओवाळणी आणि मग चौकशी, असा भाऊ घरात असता तर बहिणीने त्याला काय म्हटले असते?

महाराष्ट्राला याहून निराळी रीत ठाऊक होती, म्हणून हे अधिक बोचते. १९७२ च्या दुष्काळात हजारो स्त्रियांनी भर उन्हात खडी फोडली. वि. स. पागे यांनी जिचा पाठपुरावा केला, ती रोजगार हमी योजना त्याच काळात रुजली, आणि तिचा कायदा १९७७ साली होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे हे राज्यावर बंधनकारक झाले. त्यासाठी शहरातील नोकरदारांवर १९७५ पासून व्यवसाय कर बसला. कित्येकांच्या पगारपत्रकावर ती दोनशे रुपयांची कपात अजूनही दिसते, पण ती मुळात कोणासाठी सुरू झाली हे किती जणांना आठवते? योजनेत गैरव्यवहार झाले, खोटी हजेरीपटे भरली गेली, हे आम्ही नाकारीत नाही. तरी तिच्या नावातला शब्द 'हमी' होता. हमी मिळालेल्या माणसाला मांडवात जाऊन ओवाळावे लागत नाही. तो हजेरीपटावर अंगठा उठवतो, मजुरी घेतो आणि घरी जातो.

मध्यंतरी दूरचित्रवाणीच्या एका वार्ताहराने बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांना माईकसमोर विचारले, की दीड हजारांचे तुम्ही काय करता. कोणी मुलाची फी सांगितली, कोणी औषध, एकीने नवीन साडी सांगून बाकीच्यांना हसविले. आमच्या ओळखीची एक बाई तेथेच टोपली घेऊन बसली होती. ती मान खाली घालून वालाच्या शेंगा निवडीत राहिली. पुढे ती भेटली तेव्हा आम्हीही तोच प्रश्न केला.

"फादर, ते मी घरीसुद्धा नाही सांगितलं," ती म्हणाली, आणि यंदा वालाला भाव कसा नाही ते सांगू लागली.