मागची चाकं

१. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, पुढे तिची ओम्नी झाली, २०१९ साली बंद झाली. पाववाल्याला, मंडपवाल्याला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

२. "हँडब्रेक लागत नाही."
मिस्त्री दांडी ओढून बघतो. "केबल कुणी ताणली?"

३. दांडी ओढली की केबल मागच्या दोन्ही ड्रममधले शू फाकवते. लायनर झिजले की शू आणि ड्रममधली फट वाढते, दांडी वरवर येऊ लागते. मग लोक केबलचा नट आवळतात. स्वस्त, झटपट, आणि चाकही खोलावं लागत नाही. आधी शूची फट, मग केबल, असा खरा क्रम. उलट केलं तर शू घासत राहतात, ड्रम तापतो, आणि मालक पेट्रोलपंपाला शिव्या देतो.

४. हँडब्रेकचं काम हँडब्रेक सोडून करावं लागतं.

५. "गिअरमध्ये आहे, कुठे जाणार?" ओम्नीला ओढ मागच्या चाकांची. एक मागचं चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियल ते हवेत उलटं फिरू देतं आणि जमिनीवरचं खुशाल चालू लागतं. गिअर असून नसल्यासारखा. पुढच्या चाकांना आधी दगड लावा, मग बोला.

६. ड्रम गंजून बसला की हातोडा निघतो. ड्रमलाच आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत दोन बोल्ट आलटून पालटून आवळत गेलं की तो निमूट बाहेर येतो. पण भोकं गंजाने बुजलेली, आणि हातोडा समोरच.

७. ड्रमच्या आत ओल. बोटाला लावून बघायची. पातळ, निसरडी असेल तर व्हील सिलिंडरचं रबर गेलं. दाट आणि गंधकासारखी उग्र असेल तर अ‍ॅक्सलची ऑइल सील गेली, गिअर ऑइल बाहेर आलं. लायनर दोन्हीत बाद.
"पॉलिश पेपर मारून चालतील का?" हे मालक विचारतो. मिस्त्री नाही.

८. पोऱ्या ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवतो. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओलं फडकं पुरतं. मालक तेवढ्यात चहाला गेलेला.

९. सिनेमात ओम्नी थांबते, दार सरकतं, माणूस आत. हँडब्रेक ओढताना कुणी दिसत नाही.

१०. कोकणातल्या पावसात रात्रभर ओढून ठेवला तर लायनर ड्रमला चिकटतात. म्हणून ओढायचा नाही. कधीच न ओढला तर केबल आवरणातच गंजते. म्हणून ओढायचा.

११. घाटात चाकामागे लावलेला दगड गाडी निघाल्यावर रस्त्यातच राहतो. मागून मोटारसायकली येतात.

१२. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग सुटतो. त्यामुळे रंगाची काळजी सगळे घेतात.

१३. "पुढे नवे पॅड टाकलेत. मागचं राहू दे."

१४. खासगी गाडीची पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणी, मग दर पाच वर्षांनी. आरटीओत न्यायच्या आधी लोक डेंटिंग-पेंटिंग करून घेतात.

१५. तपासायला मोकळा चढ हवा, गाडीत ओझं हवं. न्यूट्रल करायचं, दांडी ओढायची, ब्रेकवरचा पाय हळूच उचलायचा, पण पेडलवरच ठेवायचा. उभी राहिली तर ठीक. तरीही सोडून जाताना तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स.