पाच पूर्णांक एक दशांश

आमच्या घरात माणसे दोन आणि कान चार. एवढ्यांसाठी मी सहा स्पीकर विकत आणले, तेव्हा "अहो, उरलेले दोन कान कुणाकडून उसने आणणार?" असे सौ.ने विचारले.

निवृत्तीनंतर मी व्हिडिओ जोडण्याचा नाद लावून घेतला आहे. कोकणातले घर विकायचे ठरले, तेव्हा शेवटचे आठ दिवस तिथे राहून चित्रे घेतली आणि त्याहून अधिक आवाज घेतले. कौलांवरचा पाऊस, गोठ्यातली घंटा आणि मुख्य म्हणजे रहाट. पंप आल्यापासून तो बंदच होता. माझ्या हट्टापायी पुतण्याने फिरवून दाखवला. पडवीत झोपाळ्यावर बसले की रहाट डावीकडून, जरासा पाठीमागून ऐकू येई. फिल्ममध्येही तो तिथूनच यायला हवा, आणि समोरच्या दोन स्पीकरांना ते साधत नाही.

या सरंजामाला 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणतात. समोर डावा, उजवा आणि मधला, पाठीशी दोन, असे पाच. आणि नुसत्या खालच्या घुमाऱ्यापुरता तो जाडजूड सब-वूफर. देहाने सर्वांत मोठा, पण हिशेबात एक दशांश! बसणाऱ्याच्या नाकासमोर मधला, त्याच्या दोहो अंगांना 30-30 अंशांवर पुढचे दोन, आणि मागचे 100 ते 120 अंशांच्या दरम्यान. म्हणजे थेट पाठीत नव्हे, कानाच्या किंचित मागे. नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि सुतळी घेऊन मी खोलीभर रांगलो. मागच्या डाव्याच्या जागी नेमके देवघर आले. ते हलवण्याचा विषय मी काढला आणि लगेच मिटवला. सगळी मांडणीच हातभर पुढे सरकली.

वायरींपैकी हिरवी पुढच्यांची, काळी मागच्यांची, आणि नारिंगीत मधला व सब-वूफर एकत्र नांदतात. काही संचांत या दोघांची अदलाबदल होते. आमच्याकडे ती झालीच. थोरल्या भावाचे बोलणे तळघरात कोंडल्यासारखे सब-वूफरमधून गुरगुरू लागले. ते सॉफ्टवेअरच्या ऑडिओ हार्डवेअरच्या पानावर उलटवून घेतले. शिवाय 'स्पीकर सहा आहेत' हे तीनदा सांगावे लागते: संगणकाला, सॉफ्टवेअरला आणि ज्या टाइमलाइनवर काम चालले आहे तिला. एक ठिकाण विसरलात तर सहाचे मुकाट्याने दोन होतात.

मग एकेका स्पीकरमधून चाचणीचा खरखराट सोडला. मागचा डावा अगदीच मिणमिणता. मी वायर बदलली. उजव्याच्या जागी डावा ठेवला. दुकानदाराशी फोनवर भांडलो. सौ.ने खुर्चीपाशी मोबाइलवरचे आवाज मोजण्याचे यंत्र धरले. दोन्हीकडे 79.

"यंत्र खोटे बोलते," मी म्हणालो.

"अहो, जरा पाठमोरे बसून बघा."

बसलो. आता तोच डावा खणखणीत, आणि मिणमिणता झाला तो उजवा. मी खुर्ची तीनदा फिरवली. चौथ्यांदा फिरवण्याचा धीर झाला नाही.

डॉक्टरांनी आलेख काढून दिला. उजव्या कानाची रेघ बरी आहे. डाव्याची घाट उतरत गेली आहे. हे बरीच वर्षे चालले असावे, म्हणाले. म्हणजे त्या आठ दिवसांत पडवीत बसून मी जो रहाट ऐकला, तो कानांनी किती आणि आठवणीने किती, कोण जाणे. दुकानदाराची मात्र फोन करून माफी मागितली.

हल्ली खुर्चीत सौ. बसते आणि मी माऊसपाशी. त्या विहिरीचे पाणी तिने लग्नानंतर अकरा वर्षे भरले आहे. "आणखी मागे. नाही, इतके नाही," असे तिचे चालते. काल तिने एकदम हात वर केला.

"थांबा. आता पन्हळीत पडतंय पाणी."