बहिरमचा मुक्काम आणि गाडीतली बॅटरी

कापसाची वेचणी उरकत आली आणि शेकोटीशिवाय रात्री बसवेना झाले, की वऱ्हाडातल्या माणसाला बहिरमची आठवण होते. अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी ही यात्रा भरते. डिसेंबरच्या वीस तारखेच्या सुमारास सुरू होते ती जानेवारी अखेरपर्यंत चालते. इतर यात्रांत माणूस दर्शन घेऊन परततो; इथे राहुटी ठोकून राहतो. पूर्वी बैलगाडीतून कंदील यायचा, आता मोटारीतून बॅटरी येते. म्हणून आज यात्रेच्या जोडीने थोडे बॅटरीविषयीही सांगतो.

धाकट्या भावाने जुनी प्रवासी गाडी घेऊन मागे फळ्यांचा पलंग केला आहे. गेल्या वर्षी पलंगाखाली ट्रॅक्टरची उतरवलेली बॅटरी ठेवली आणि तिच्यावर दिवे, मोबाइल व आत्याबाईंचे दम्याच्या औषधाचे वाफेचे यंत्र चालवले. दुसऱ्या रात्री ती बसली. भावाने तार इंजिनच्या बॅटरीला जोडली. पहाटे तीही बसली, आणि नेमकी त्याच वेळी आत्याबाईंना धाप लागली. यंत्र बंद, गाडीही सुरू होईना! शेजारच्या राहुटीतल्या शेतकरीभाऊंनी त्यांना आपल्या जीपमधून परतवाड्याला दवाखान्यात पोचवले, म्हणून निभावले. चूक सर्वस्वी आमचीच होती.

यंदा निघण्यापूर्वी आम्ही अकोल्याच्या बाजारात गेलो. दुकानदार जाणता निघाला. आम्ही गॅरंटी विचारली, तर म्हणाला, "ग्यारंटीचं मंग पाहू, भाऊ. आधी रातभर काय काय चालवता, थे सांगा."

तुम्हीही हा हिशेब घरीच कागदावर मांडून न्या. आमचा असा झाला : ५ वॅटचे ४ दिवे ६ तास, म्हणजे १२०. चार मोबाइलचे मिळून ६०. वाफेचे यंत्र १२० वॅटचे. दोन वेळा मिळून अर्धा तास, म्हणजे ६०. एकूण २४०. तारांत आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारे ३६ धरून २७६. त्याला बॅटरीच्या १२ व्होल्टने भागले, की रोजचे २३ अँपिअर-तास आले. तीन मुक्कामांचे ६९. शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली की तिचे आयुष्य घटते. म्हणून याच्या दुप्पट १३८, आणि बाजारात मिळणारी त्याच्या जवळची १५० ची.

आता जात कोणती घ्यायची? इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ असतात. ती क्षणभर मोठा जोर देते. पण रोज रात्री हळूहळू रिकामी केली तर लवकर मरते. आमची ट्रॅक्टरची अशीच मेली. ट्युब्युलर बॅटरी हे सोसते. मात्र १५० ची उचलायला दोन माणसे लागतात आणि तिला डिस्टिल्ड वॉटर वेळेवर द्यावे लागते. लिथियमची खूप हलकी, पाणी मागत नाही, बरीचशी रिकामी केली तरी चालते. पण किंमत जास्त आणि चार्जर तिच्याच जातीचा लागतो. आम्ही ट्युब्युलर घेतली. यात्रा चार दिवसांची. उरलेले वर्ष ती घरच्या इन्व्हर्टरला जोडता येते. घेताना तिच्यावरची बनवल्याची तारीख पाहिली, आणि जुनी परत देऊन तिची किंमत वळती करून घेतली.

बॅटरी घरीच पूर्ण भरून निघालो. वाटेत इंजिन तिला थोडेच भरते, त्या भरवशावर राहू नका. गांधीग्रामजवळ पूर्णा ओलांडली की अकोट येते. तिथून पूर्वेला वळलात की सातपुडा डाव्या हाताला सोबत करतो. केळीच्या बागा, पानमळे पाहत अंजनगाव सुर्जी गाठायचे. इंग्रज आणि शिंदे यांचा तह इथेच ३० डिसेंबर १८०३ रोजी झाला. पुढे परतवाडा आणि मग बैतूलच्या रस्त्याने बहिरम.

तिथे पोचलात की शेंदूर ल्यालेल्या भैरवाचे दर्शन घ्या. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, आणि चालत असेल तर हंडीतले मटण खा. पण अंधार पडण्याआधी तीन गोष्टी पाहा. झोपायच्या जागी बॅटरीचा वायू कोंडता कामा नये. त्याला बाहेर वाट हवी. बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज हवा. आणि इंजिनची बॅटरी दिव्यांपासून वेगळी हवी. दोन्ही बॅटऱ्या इंजिन चालू असतानाच जोडणारा आणि बंद होताच तोडणारा रिले मिळतो. आम्ही तो बसवून घेतला आहे.

यंदा तिसऱ्या रात्री आत्याबाईंना पुन्हा धाप लागली. यंत्र सुरू झाले आणि पाव तासात त्या शांत झोपल्या. सकाळी गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. चहा घेऊन आम्ही शेजारची राहुटी शोधत निघालो. गेल्या वर्षीचे ते शेतकरीभाऊ यंदाही आले होते. त्यांना घरचे रोडगे दिले, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "तुमचं देणं फिटत नाही जी, पण बॅटरी मात्र आम्ही बदलली!"