लॉट जुळला पाहिजे

कोल्हापूर

प्रिय मालती,

नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचं वाचून तू विचारलंस, गोळ्यांना एवढा पैसा लागतो तरी कशाला? एनसीसीत पालथं पडून पाच-पाच राउंड झाडताना आपणही गोळी म्हणजे गोळी असंच धरून चालायचो. पण पुतणी दुधाळीच्या रेंजवर जायला लागल्यापासून मला या विषयाची गोडीच लागली आहे.

काडतूस तेच गं, आपलं पॉइंट टू टू. यातलं 'लाँग रायफल' अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीनं १८८७ साली काढलं. त्याचं पूर्वज म्हणजे स्मिथ अँड वेसनचं १८५७ चं 'शॉर्ट'. हातात घेतलं की गोळीवरचं मेण बोटांना लागतं. खाली पितळेची पुंगळी, वर शिशाची गोळी, वजन अडीच ग्रॅमच्या जरासं वर. पुंगळीच्या बुडाला कड असते ना, तिच्या आत पेट घेणारा मसाला असतो. पिन कडेवर आपटते, मसाला पेटतो, मग दारू. कड एकदा चेपली की पुंगळी कामातून गेली. मोठ्या काडतुसांत बुडाच्या मध्यावर टोपी असते. ती बदलून, दारू तोलून पुंगळी पुन्हा भरता येते. इथे ती सोयच नाही. कारखान्यातून येईल ते मुकाट्यानं झाडायचं.

आणि लक्ष्य कसलं, तर ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं! स्पर्धेच्या गोळीचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा थोडा कमी ठेवतात, कारण ती सीमा ओलांडून परत खाली येताना गोळी डगमगते. इंग्लंडची एली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस, सगळ्यांच्या डब्यांवर लॉट नंबर, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक, असतो. नाव तेच, डबा तोच, पण एक लॉट तुझ्या नळीतून छिद्रावर छिद्र पाडेल आणि दुसरा विखुरेल. म्हणून बडे नेमबाज रायफल घेऊन कंपनीच्या चाचणी केंद्रावर जातात, ती घट्ट आवळून लॉटमागून लॉट झाडून बघतात आणि जुळेल तो भरपूर विकत घेतात.

आता आपल्या तेजस्विनी सावंतचे २०१० च्या म्युनिकमधल्या जागतिक स्पर्धेतले ६०० पैकी ५९७ गुण आठव. विश्वविक्रमाची बरोबरी! साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नीलनं १ ऑगस्ट २०२४ ला गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून ४५१.४ गुणांवर ऑलिंपिकचं कांस्य आणलं. ही माणसं मोठी आहेतच, पण एकसारखी गोळी मिळणं हा त्यांच्या हक्काचा भाग मानायला हवा. पदकानंतर आपण हलगी-ताशा लावून मिरवणूक काढतो, काढावीच. पण नवख्या मुलीनं लॉट निवडायला जर्मनी कशी गाठायची? चांगल्या गोळ्या बाहेरून येतात, वर परवान्याचे सोपस्कार. सरकारनं लॉट तपासून घाऊक मागवावेत आणि ते जिल्ह्याच्या रेंजपर्यंत पोचवावेत, असं मला मनापासून वाटतं.

पुतणी वहीत लॉट नंबर, वारा आणि छिद्रांचा पसारा लिहून ठेवते. सध्याचा लॉट जुळलाय म्हणते, पण डबे थोडेच उरलेत, म्हणून सरावाला स्वस्तातल्या गोळ्या वापरते. पुढच्या महिन्यात तिची स्पर्धा आहे. निकाल कळवतेच.

तुझी,
शुभा