नरसीचे पद, तलवंडीचा रबाब

राष्ट्राराष्ट्रांतील स्नेहसंबंधांत संगीताचे स्थान काय, असा विषय निघाला की सुशिक्षित माणसे प्रथम शासनाकडे बोट दाखवितात. त्यात वावगे काही नाही. मौलाना आझादांनी १९५० साली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापिली आणि तेव्हापासून आपले गायक-वादक देशाच्या वतीने परदेशी जात आले आहेत. भारत व इस्रायल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ साली जुळले आणि दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये, मुंबईचे सुपुत्र झुबिन मेहता इस्रायल फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद घेऊन भारतात आले. मात्र २०१३ च्या सप्टेंबरात जर्मन दूतावासाच्या पुढाकाराने याच मेहतांची मैफल श्रीनगरच्या शालिमार बागेत झाली, तेव्हा खोऱ्यात बंद पाळला गेला. मैफल निमंत्रितांपुरती होती. सुरांत उणे काही नव्हते; लोकांचे लक्ष सुरांपेक्षा ते कोणी पाठविले याकडे अधिक होते.

आम्हां मराठवाड्यातील माणसांस याहून जुने आणि, आमच्या मते, अधिक खरे उदाहरण घराशेजारीच लाभले आहे. कामानिमित्त नांदेडला मुक्काम पडला की आम्ही पहाटे हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जाऊन कीर्तन ऐकत मागे बसतो. डोक्यास रुमाल बांधावा, पादत्राणे बाहेर काढावीत. याहून अधिक चौकशी तेथे कोणी करीत नाही. नांदेड येथेच १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथसाहिबास गुरुपद दिले. हा ग्रंथ रागांनुसार लावलेला आहे, म्हणजे तो वाचण्याइतकाच गाण्यासाठीही आहे. (सेमिनरीत ग्रेगोरियन गायन घोकलेल्या माणसास याचे अगत्य वाटणारच!) त्यात संत नामदेवांची ६१ पदे आहेत. नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरा जे नरसी दाखविते ते शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. आणि या कीर्तनाचा आद्य वादक कोण? गुरू नानकांचा जन्माचा सोबती भाई मर्दाना. तो तलवंडीचा, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या ननकाना साहिबचा, मुसलमान रबाबवादक. त्याच्या परंपरेतले रबाबी १९४७ पर्यंत अमृतसरच्या दरबार साहिबात कीर्तन करीत असत. फाळणीने त्यांतील बहुतेकांस सीमेपलीकडे लोटले. पदे मात्र दोन्हीकडे राहिली. मराठवाड्यातील एका शिंप्याची रचना आज रावीपलीकडे कर्तारपूरच्या ग्रंथातही आहे, आणि तिला तेथे जाण्यासाठी कोणाचा परवाना लागला नाही.

हे सारे आम्हांस लातूरमध्ये सांगावे लागले. तेथे तरुणांची एक बैठक संपल्यावर कोणीतरी मोबाईलवर गझल लावली होती. एक मुलगा म्हणाला, “फादर, हा गायक पाकिस्तानचा. तिकडे सीमेवर आपले जवान मरतात आणि आपण यांची गाणी ऐकायची?” त्याचा चुलतभाऊ सैन्यात आहे. प्रश्न पोकळ नव्हता.

गाण्याने युद्ध थांबते असे आम्ही त्यास सांगितले नाही. तसे होत नाही. परंतु २०१५ च्या ऑक्टोबरात जगजित सिंग यांच्या स्मरणार्थ मुंबईत होणारा गुलाम अलींचा कार्यक्रम शिवसेनेच्या विरोधामुळे रद्द झाला, त्यामुळे सीमेवर एक गोळी तरी कमी सुटली काय? उस्ताद बडे गुलाम अली खाँ कसूरचे. फाळणीनंतर ते पाकिस्तानात राहून पाहिले, रमले नाहीत, मोरारजी देसाई यांच्या साहाय्याने भारताचे नागरिक झाले आणि १९६८ साली हैदराबादेत, निजामी अमदानीत जी आमच्या वाडवडिलांची राजधानी होती तेथे, निवर्तले. देशाच्या वाटण्या झाल्या तेव्हा त्यांची ठुमरी कोणाच्या वाट्यास घालावयाची होती?

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तुमचं पटतं, फादर. पण भावाला सांगताना जीभ अडखळेल.” त्याचे हे उत्तर आम्हांस आमच्या साऱ्या युक्तिवादापेक्षा प्रामाणिक वाटले. ज्याच्या घरातले माणूस बंदुकीसमोर उभे आहे, त्याला सुरांची महती ऐकविताना बोलणाऱ्याने आवाज खाली ठेवावा.

पंजाबातील ज्या घुमान गावी नामदेव अनेक वर्षे राहिले, तेथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. घुमान गुरदासपूर जिल्ह्यात आहे, आणि कर्तारपूरला जाणारी वाटही त्याच जिल्ह्यातील डेरा बाबा नानक येथून निघते. ती मार्गिका २०१९ च्या नोव्हेंबरात खुली झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात भारताच्या बाजूने बंद करण्यात आली. मार्गिका होण्यापूर्वी भाविक त्याच ठिकाणी उभे राहून दुर्बिणीतून पलीकडचा गुरुद्वारा पाहत असत.