डोंबिवली ते माटुंगा

रेल्वेचे जुने पास मी टाकत नाही. पत्र्याच्या एका डब्यात रबर लावून ठेवलेत. बहुतेकांची शाई उडाली आहे, पण दोन स्टेशनांची नावं अजून लागतात. सगळ्यात खालचा पास जुलै १९९६ चा. डोंबिवली ते माटुंगा, सेकंड क्लास, तिमाही, विद्यार्थी सवलत.

त्याच्या आदल्या वर्षी मला पास लागतच नव्हता. एफवायला मी डोंबिवलीतच होते, कॉलेज घरापासून पायी वीस मिनिटांवर. दिवस केवढा मोठा असायचा! सकाळी लेक्चरं, दुपारी एनएसएस नाहीतर वक्तृत्वाची तयारी, संध्याकाळी एकांकिकेची तालीम. मंगळवारी आणि शुक्रवारी सहाला भरतनाट्यमचा क्लास. गांधर्वची मध्यमा पूर्ण झाली होती, विशारदची तयारी चालू होती. एकांकिकेत मुख्य भूमिका माझी. प्रमाणपत्रांची फाईल महिन्या-महिन्याला फुगत होती.

कॉलेज बदलायचं घरी सांगितलेलं कारण खरं होतं. मला मानसशास्त्र घ्यायचं होतं आणि आमच्या कॉलेजात तो विषय टीवायला नव्हता. दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. आयएनटीच्या स्पर्धेत मुंबईच्या कॉलेजांच्या एकांकिका मी पाहिल्या होत्या. रुईया, रुपारेल ही नावं आमच्या तालमीत आवाज खाली आणून घेतली जायची. तिकडे गेलं की आपलं नाटकही मोठं होणार, अशी माझी पक्की समजूत होती. प्रवेश मिळाला तो त्याच परिसरातल्या एका कॉलेजात.

मधल्या वर्षाला नव्या कॉलेजात शिरणं सोपं नसतं. जुन्या कॉलेजची एनओसी, ट्रान्सफरन्स सर्टिफिकेट, मार्कशीटच्या अटेस्टेड झेरॉक्स, आणि मग नवं कॉलेज आपल्या मुलांचे प्रवेश उरकून उरलेल्या जागा सांगेपर्यंत थांबायचं. मी फाईल घेऊन गेले होते. खिडकीतल्या बाईंनी मार्कशीट तेवढी काढून घेतली आणि बाकीची फाईल परत दिली. "हे राहू दे," म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात अपमान नव्हता. त्यांना त्या कागदांचं काहीच काम नव्हतं, इतकंच.

मग कॉलेजच्या शिक्क्याचा कन्सेशनचा फॉर्म घेऊन मी डोंबिवलीच्या तिकीट खिडकीवर गेले आणि निम्म्या दरात पास काढला. ही सवलत घराजवळच्या स्टेशनपासून कॉलेजजवळच्या स्टेशनपर्यंतच मिळते. माटुंग्याला फास्ट थांबत नाही, म्हणून कुर्ल्याला उतरून स्लो पकडायची. घर ते वर्ग आणि वर्ग ते घर मिळून रोजचे तीन तास. ते तीन तास माझ्याच दिवसातून निघणार, हा हिशोब फॉर्म भरताना मी केला नव्हता. घरातल्या कुणीही केला नव्हता.

पहिला गेला तो नाच. लेक्चरं संपून थेट निघाले तर सहाला पोचता यायचं, पण तालमीला थांबलं की नाही. "ताई, पुढच्या आठवड्यापासून नक्की येते," असं मी फोनवर तीन महिने सांगत राहिले. ताई एकदाही रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागायचं. दिवाळीनंतर मी फोन करणंही सोडलं. आठ वर्षं शिकलेली गोष्ट, तिचा साधा निरोपसुद्धा घेतला नाही. घुंगरू अजून माळ्यावर आहेत. आयुष्यात परत मागावीशी वाटणारी संध्याकाळ कुठली, असं कुणी विचारलं तर मी त्यातला एक मंगळवार मागेन.

नाटकाच्या ग्रुपमध्ये साठेक मुलं होती. त्यांच्यातली निम्मी अकरावीपासून तिथेच. भूमिका मिळाली नाही. मिळाला एक कॅसेट प्लेअर.

पार्श्वसंगीत देणं हे काय काम आहे ते मला तिथे कळलं. प्रत्येक आवाजाची कॅसेट वेगळी, वर नंबर घातलेला. सुरुवातीची कोरी पट्टी पेन्सिलीने गुंडाळून पुढे घ्यायची, म्हणजे बटण दाबल्याबरोबर आवाज आलाच पाहिजे. बटणाचा खटका प्रेक्षकांत जाता कामा नये. दाराची बेल अर्धा सेकंद उशिरा वाजली तर उघडायला निघालेली नटी उघडी पडते. त्यासाठी सगळ्यांचे संवाद पाठ हवेत, आणि त्यांच्या मधल्या थांबण्याच्या जागासुद्धा. मी ते फास्टमध्ये पाठ करायची. तेव्हा ठाणं सोडलं की पारसिकचा बोगदा यायचा. तो १९१६ चा, सव्वा किलोमीटरहून लांब. आत गाडीचा आवाज इतका कोंडायचा की शेजारचीला काही ऐकू जायचं नाही. तेवढ्या वेळात मी चारही पात्रांची वाक्यं मोठ्याने म्हणून घ्यायची. भूमिका करताना मी फक्त माझी वाक्यं ऐकत होते. सगळं नाटक ऐकायला मी त्या खुर्चीत बसल्यावर शिकले.

स्पर्धेच्या दिवसांत शेवटची कर्जत पकडून घरी यायचं. बाबा डोंबिवलीच्या फलाटावर स्वेटर घालून उभे असायचे. डिसेंबरात ७५ टक्के हजेरी न भरलेल्यांच्या यादीत माझं नाव लागलं आणि हमीपत्रावर सही करायला बाबांना रजा काढून यावं लागलं. परतताना गाडीत बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मुंब्रा गेल्यावर म्हणाले, "काय धरायचं आणि काय सोडायचं, हे तू ठरवतेयस की गाडी ठरवतेय?"

उत्तर त्यांना माहीत होतं. नाच मी सोडला नव्हता, तो पासने सोडवला होता. त्या वर्षी मी पहिल्यांदा ठरवून सोडलं: वक्तृत्व, एनएसएस, कॉलेजचं मासिक. टीवायला वर्षभरात एकच एकांकिका, तीही फक्त संगीताची बाजू. सवाई एकांकिका स्पर्धेला इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्याच एकांकिका जातात. आमची गेली नाही. २५ जानेवारीच्या रात्री मी सवाईच्या प्रेक्षकांत बसले आणि पहाटेपर्यंत फक्त आवाज ऐकले.

डब्यातले पुढचे पास डोंबिवली ते ठाण्याचे. नोकरी ठाण्यात लागली, संध्याकाळ परत हाताशी आली. हौशी मंडळींसाठी गडकरी रंगायतनमध्ये, पुढे डोंबिवलीत सावित्रीबाई फुले नाट्यगृह झाल्यावर तिथेही, मी संगीत देत आले. आता लॅपटॉप असतो. बोट मात्र अजून त्या कॅसेटच्या बटणावर असल्यासारखंच थांबतं.

गेल्या उन्हाळ्यात भाची आली. कल्याणच्या कॉलेजात एफवाय संपलेलं, कथकच्या विशारदची तयारी, शिवाय नाटक, लोकनृत्याचा ग्रुप, कॉलेजचं इन्स्टाग्राम. "मावशी, मला मुंबईचं कॉलेज हवंय. तिथलं कल्चरल भारी आहे." नव्या शैक्षणिक धोरणात एनएसएस, खेळ, कला यांनाही श्रेयांक मिळतात आणि ते अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात, हे तिनेच मला समजावलं. चांगलीच गोष्ट आहे ती. आमच्या वेळी असे श्रेयांक नव्हते. पण श्रेयांक जमा होतात तशा संध्याकाळी जमा होत नाहीत.

मी तिला डबा दाखवला. मग वहीचं एक पान फाडून दिलं आणि आठवडा आखायला सांगितला, गाडीच्या वेळांसकट. ती दोन तास बसली होती. लोकनृत्यावर तिने स्वतःच्या हाताने काट मारली तेव्हा डोळे भरले तिचे. मी काही बोलले नाही. ते तिचं तिनेच करायला हवं होतं.

तिचा पास परवा निघाला. कल्याण ते ठाणे, तिमाही. कथकचा क्लास कल्याणलाच आहे, मंगळवार-शुक्रवार, सहाला, आणि ठाण्याहून पाचच्या सुमाराची स्लो तिला मिळते.