घरची बोट आणि तिची अश्वशक्ति

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाहीं. पण पाण्याचा विस्तार मात्र आहे. पैनगंगेवरील इसापूरचा जलाशय, बाभुळगांव तालुक्यांतील बेंबळा प्रकल्प, दिग्रसजवळचें अरुणावती धरण आणि पुसदजवळचें पूस धरण हेच आतां आमच्या मुलखाचे सागर होत. तेव्हां कापसाच्या या प्रदेशांतील एखाद्या एकत्र कुटुंबानें मोटरबोट घेण्याचा विचार करावा, यांत वाचकांस हंसूं आलें तरी नवल वाटूं नये. आमच्या घरांत हा विचार गेले तीन महिने चालला आहे. त्याचें मूळ म्हणजे परदेशांत शिकून आलेला आमचा पुतण्या. पायांना लांब फळ्या बांधावयाच्या, बोटीस जोडलेली दोरी हातांत धरावयाची आणि बोटीच्या मागोमाग पाण्यावरून घसरत जावयाचें, असा तो वॉटर स्कीइंगचा खेळ. त्याचा छंद तो तिकडून घेऊन आला, आणि पंधरा दिवसांत घरांतील यच्चयावत् मुलांना त्याची लागण झाली.

खेळ फारसा प्राचीन नव्हे. १९२२ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत, लेक पेपिन नांवाच्या सरोवरावर, राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या तरुणानें तो प्रथम साध्य केला. आठ फूट लांब व नऊ इंच रुंद अशा दोन फळ्यांचीं टोकें त्यानें उकळत्या पाण्यांत मऊ करून वर वांकविलीं, आणि भाऊ बोट चालवीत असतां तो तिच्यामागें पाण्यावर उभा राहिला. बर्फावरून घसरतां येतें, तर पाण्यावरून कां नाहीं, एवढाच त्याचा प्रश्न होता.

आमच्या घरांतील प्रश्न मात्र निराळा होता : बोट किती अश्वशक्तीची असावी? पुतण्या म्हणे, दोनशेंच्या खालीं बोलूंच नये. आमचे थोरले बंधु म्हणत, चाळीस पुरे; एका पोराला ओढण्यास कितीसें बळ लागणार? दोघांचाही भर एकाच गोष्टीवर होता, दोरीच्या टोकाला असलेल्या माणसावर. बोटींत बसलेल्या माणसांचा हिशेब कोणींच केला नव्हता.

वस्तुतः सारा भार तेथेंच आहे. बोट संथ चालते तेव्हां ती पाणी कापीत जाते. वेग वाढला म्हणजे ती पाण्यावर चढते आणि त्याच्या पाठीवरून धांवूं लागते. या चढण्याच्या क्षणालाच सर्वांत अधिक बळ लागतें, आणि नेमक्या त्याच क्षणीं पाण्यांत कमरेपर्यंत बुडालेल्या खेळाडूलाही वर काढावयाचें असतें. काळ्या मातींत रुतलेली बैलगाडी ज्यानें पाहिली आहे त्याला हें निराळें समजावून सांगावयास नको. सडकेवर जी जोडी गाडी सहज नेते, तिलाच चिखलांतून चाक उपटतांना दुसऱ्या जोडीची मदत लागते.

आम्हीं कागद घेऊन बेरीज मांडली. अठरा फुटांची बोट, तिचें इंजिन, पेट्रोल, दोऱ्या, जॅकेटें आणि सहा माणसें मिळून भार चौदाशें किलोच्या आसपास जातो. हलकी चौदा-पंधरा फुटी बोट व तींत दोघेच असतील, तर चाळीस ते साठ अश्वशक्ति एखाद्या सडपातळ खेळाडूला उचलते. पांच-सहा माणसें बसणार असतील तर नव्वद ते एकशें पंधरा लागते. आणि आठ-दहा जणांची मोठी बोट असेल तर पुतण्याचे दोनशें फारसे चुकीचे नाहींत. शिवाय आपला मुलूख समुद्रसपाटीपासून साडेचारशें मीटरांच्या घरांत आहे. दर तीनशें मीटर उंचीमागें इंजिनाचें बळ शेंकडा तीनच्या सुमारास घटतें, आणि उन्हाळ्यांत तापलेली विरळ हवा तें आणखी कमी करते. म्हणून कांठोकांठ हिशेब करून घेतलेलें इंजिन येथें उणें पडावयाचें. इंजिनाच्या पंख्याचीही एक मेख आहे. एका फेऱ्यांत बोटीला फार पुढें ढकलणारा पंखा वेग देतो. थोडें ढकलणारा ओढ देतो. स्कीइंगला ओढ हवी. मुलांना ताशीं पंचवीस किलोमीटर व मोठ्यांना पसतीस-चाळीस एवढा वेग भरपूर होतो.

हा हिशेब मातोश्री शांतपणें ऐकत होत्या. त्यांनीं एकच विचारलें, "अरे, चालविणारा पुढें पाहणार; मग मागच्या पोराकडे कोण पाहणार?" पुतण्या क्षणभर स्तब्ध झाला. या खेळाचा सुज्ञ नियमच असा आहे कीं, चालकाखेरीज आणखी एकानें बोटींत मागें तोंड करून बसावें व दोरीच्या टोकावरून दृष्टि हलवूं नये. ती जागा मातोश्रींनीं तेथल्या तेथें आपल्याकडे घेतली. आणि अश्वशक्तीच्या बेरजेंत आणखी पन्नास किलोंची भर पडली.

बळाच्या मोहांत भाराचा विसर पडला म्हणजे काय होतें, हें आपल्या राज्यानें पाहिलें आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजीं अमरावती जिल्ह्यांत झुंज येथें वर्धा नदींत नाव उलटली आणि दशक्रियेसाठीं जमलेल्या गोतावळ्यांतील अकरा जणांना जलसमाधि मिळाली. २१ मे २०२४ रोजीं उजनीच्या जलाशयांत वावटळीनें बोट उलटून सहा जण गेले. बोट किती माणसें वाहूं शकते आणि आज वारा कसा आहे, हे दोन प्रश्न अश्वशक्तीच्या आधीं विचारावयाचे असतात. आमच्या घरीं म्हणूनच असें ठरलें कीं, जॅकेट घातल्यावांचून कोणी चढावयाचें नाहीं, आणि पोहावयास येत नाहीं त्यानें दोरीला हात लावावयाचा नाहीं. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणें नोंदणी आणि जलसंपदा विभागाची परवानगी यांवांचून बोट पाण्यांत उतरणार नाहीं, हें तर सांगावयासच नको.

दुसरीही एक गोष्ट आमच्या मनाला टोंचत होती. २०१८ च्या उन्हाळ्यांत निळोणा व चापडोह हे तलाव आटले आणि यवतमाळ शहर पाण्याच्या थेंबाथेंबासाठीं व्याकुळ झालें. घागरी घेऊन रांगेंत उभें राहिलेल्या या शहरांत पाण्यावर खेळ मांडण्याचा आपणांस अधिकार काय? पुष्कळ विचारांतीं आम्हांस असें वाटलें कीं, खेळ निषिद्ध नाहीं, निष्काळजीपणा निषिद्ध आहे. पिण्याच्या पाण्याच्या तलावांकडे बोट न्यावयाची नाहीं. मोठ्या जलाशयावरही दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतच जावयाचें. पुढें पाणी ओसरतें, बुडालेलीं खोडें पृष्ठभागाजवळ येतात, आणि कांठाच्या गाळपेर जमिनींत कोणाचें तरी पीक उभें असतें. भोई बांधवांचीं जाळीं जेथें असतील तेथून दूर राहावयाचें. इंजिन फोर-स्ट्रोकचेंच घ्यावयाचें. कारण जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांतून बरेंचसें न जळलेलें तेल पाण्यांत मिसळतें.

सारांश, एकशें पंधरा अश्वशक्तीचें इंजिन आणि अठरा फुटांची बोट यांवर घरांतील सर्वांचें एकमत झालें आहे. पुतण्याला ती थोडी मंद वाटते आणि थोरल्या बंधूंना थोडी महाग. घरांतील निर्णय योग्य झाला याची याहून चांगली खूण आम्हांस तरी ठाऊक नाहीं. बोट येईपर्यंत मुलांना रोज सकाळीं पोहण्याच्या तलावावर धाडण्यांत येत आहे. त्यांतील दोघांना अद्याप पाण्याची भीति वाटते. तीं निर्धास्तपणें पोहूं लागेपर्यंत पैसे भरावयाचे नाहींत, असें मातोश्रींनीं बजाविलें आहे.